सायकलला विमा नाही, मग भरपाई कोण देणार?

प्रश्न: बाबा ५८ वर्षांचे, रोज सायकलने कामाला जातात. गेल्या आठवड्यात उभ्या कारचं दार अचानक उघडलं, ते आदळले आणि मनगट मोडलं. कारवाला म्हणतो सायकलला इन्शुरन्स नाही तर क्लेम कसला? (वाचक, पुणे)

उत्तर: ताई, आधी बाबांची काळजी घ्या. आणि त्या माणसाचं अजिबात ऐकू नका, सायकलला विमा लागतच नाही, थर्ड पार्टी विमा कारला सक्तीचा आहे आणि तो अशाच वेळी रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी असतो. पोलिसांत तक्रार नोंदवा, कारचा नंबर द्या, एक्स-रे, बिलं, बुडालेल्या पगाराचा कागद सगळं जपून ठेवा आणि वाकलेलं हँडल सरळ करायच्या आधी फोटो काढा, हे लोक हमखास विसरतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज टाका. गाडी पळून गेली असती तरी गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळायची सोय आहे.

बँकेत वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा मिळतो, जरूर काढा, पण त्यात अपघाती मृत्यू आणि अपघातामुळे आलेलं कायमचं अपंगत्वच येतं, प्लास्टरचा खर्च नाही. आणि बाबांना सांगा, उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढं अंतर ठेवूनच चालवा, मागून कितीही हॉर्न वाजू देत.