समाजशास्त्र मेजर घेऊ का? देवगडच्या मुलीला माझं उत्तर

"समाजशास्त्र घेऊन करणार काय?" हा तुझ्या बाबांचा प्रश्न आमच्याकडे आजोबांनी विचारला होता. तू लिहिलंयस की बारावी आर्ट्स झालंय, घर सोडून लांब जायचं नाही आणि अर्थशास्त्र की समाजशास्त्र यात अडकली आहेस. मी बी.ए. रत्नागिरी जिल्ह्यात केलं, एम.ए. मुंबई विद्यापीठात कलिन्याला, दोन्ही समाजशास्त्रात.

'नोट्स पाठ केल्या की पास' म्हणून घेणार असशील तर घेऊ नकोस. पास होशीलच. पण दुर्खीम, वेबर, मार्क्स या विचारवंतांच्या व्याख्यांपलीकडे हाती काही लागणार नाही.

मला विषय कळला तो दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टात, तोही चुकून. वाडीतली तीसेक घरं घेतली होती. फॉर्मवर प्रश्न होता, 'घरात कमावणारे किती?' बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, मुंबईला असलेला नवरा नाहीतर मुलगा. शेजारची काकी म्हणाली, "मी काय करतंय, घराकच आसतंय." सांगताना तिच्या बोटांवर काजूच्या तेलाचे काळे डाग होते. सीझनभर ती फॅक्टरीत काजू फोडायला जायची! मी मुकाट्याने 'गृहिणी' लिहून आले. बाईंनी फॉर्म चाळले आणि विचारलं, "तुमच्या वाडीत बायका नुसत्या झोपा काढतात का गं?" मग प्रश्न बदलला : काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत? त्याच घरांतून काजू, मासेविक्री, आंब्याच्या पेट्या भरणं, दुसऱ्याच्या शेतात लावणी, सगळं बाहेर आलं. कशाला काम म्हणायचं हे कोण ठरवतं, यावर पुस्तकात दोन पानं होती. ती मला काकीच्या पडवीत समजली.

आपल्याकडे अशी सामग्री पावलोपावली आहे. एकाच वाडीचं ग्रामस्थ मंडळ वेगळं, मुंबई मंडळ वेगळं. वर्गणी चाकरमान्यांची, राबणं गावातल्यांचं, आणि शिमग्याला पालखी आधी कोणाच्या दारात यावरून सभा पेटते. स्थलांतर, जात, मानपान, सत्ता, सगळं त्या एका सभेत. आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी कुटुंबं हा आणखी एक विषय.

आणि बाबांना हे सांग : भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणारे गो. स. घुर्ये मालवणात जन्मले, १८९३ साली. मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, पुढे घुर्यांनी तो कित्येक वर्षं सांभाळला. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे नावाजलेले अभ्यासक त्यांचेच विद्यार्थी. मालवणचं नाव निघाल्यावर बाबा थोडे विरघळतील.

नोकरीचं खरं सांगते. नुसत्या बी.ए.वर फार काही नाही. पुढे एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्य), बी.एड., किंवा एम.ए. करून सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा. यूपीएससीला ऐच्छिक विषय म्हणून चालतो, दोन पेपर मिळून ५०० गुण. मी सध्या सर्वेक्षणांची आकडेवारी बघते, आणि या कामात मला पदवीपेक्षा एक्सेल जास्त उपयोगी पडलं. म्हणून जमलं तर अर्थशास्त्र मायनर घे, आकडेमोड टाळू नकोस. इंग्रजी वाचनाची सवय आत्ताच लाव. मी लावली नव्हती, एम.ए.चं पहिलं सत्र रडत काढलं.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन गेल्या वर्षीचे प्रोजेक्ट दाखवा म्हण. सगळ्यांचे एकाच साच्यातले, सायबर कॅफेत टाइप केलेले निघाले तर दुसरं कॉलेज बघ, मग एसटीचा तास वाढला तरी चालेल.