दर तीन महिन्यांनी गोळी देऊनही कुत्र्याच्या शीत जंत दिसतात. औषधाचा असर संपलाय का?

तुम्ही लिहिलंय की शीवर आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे वळवळतात आणि औषधवाला दुप्पट डोस द्या म्हणतो. कृपा करून देऊ नका. वर्णनावरून ते पट्टकृमीचे तुकडे वाटतात. अंग चाटताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्यातूनच हा जंत पोटात जातो. पाकिटावर प्राझिक्वांटेल, म्हणजे पट्टकृमी मारणारं औषध, लिहिलंय का बघा. असेल तर आतला जंत बहुतेक मरतो, पण अंथरुणात पिसवा असतील तर तीन आठवड्यांत नवा तयार. तेव्हा आधी पिसवांच्या मागे लागा.

औषधाला खरंच न जुमानणारा जंत मी जवळून पाहिलाय, आणि तो शीत दिसत नव्हता. आम्ही फ्लोरिडात राहतो. इथल्या ग्रेहाउंड शर्यती २०२० च्या अखेरीस बंद झाल्या, तेव्हा तिथली एक कुत्री घरी आणली. हिरड्या पांढुरक्या, शी डांबरासारखी काळी. हुकवर्म. आतड्याला चिकटून रक्त पिणारा. शर्यतीच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं सतत जंताची औषधं दिली जात. त्यातून जे जंत तगले त्यांचीच वीण वाढली. फेनबेन्डाझोल, पायरँटेल, आयव्हरमेक्टिनच्या जातीची औषधं, तिन्हींना पुरून उरणारे हुकवर्म या कुत्र्यांत सापडलेत.

आमच्या डॉक्टरांनी औषधाआधी एक ग्रॅम शीतली अंडी मोजली: ९००. चौदा दिवसांनी ७५०. मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलंही. पातळ कवचाचं लंबगोल अंडं, आत पेशींचा छोटासा घोस. मग तीन वेगवेगळी औषधं एकदम दिली, तेव्हा कुठे आकडा उतरला.

महिन्याभराने अंडी पुन्हा दिसली आणि मी घाबरले. पण स्नायूंत निजलेल्या अळ्याही असतात. आतड्यातले जंत गेले की त्या जागा घेतात. म्हणून औषध लागू पडलं का हे ठरवायला चौदाव्या दिवसाचाच आकडा धरायचा. मी शी रोज उचलत होते, कारण मातीत पडलेल्या अंड्यांतून आठवड्याभरात लागण करणाऱ्या अळ्या तयार होतात, आणि त्या माणसाच्या अनवाणी पायातही शिरतात.

तुम्ही पुढची गोळी देण्याआधी ताजी शी डबीत घेऊन डॉक्टरांकडे जा. तो पांढरा तुकडाही वेगळा न्या, पट्टकृमीची अंडी तपासणीत बरेचदा निसटतात.