मुलाच्या नावाचं पान

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ९४ टक्के, अकरावीला ७१. दीड वर्षापासून रात्री बारा-एकपर्यंत विकिपीडियावर लिहीत बसतो. विषय काय, तर पुण्यातले जुने हौद! आम्ही लॅपटॉप काढून घेतला होता. मग ओळखीच्या एका सल्लागारांनी सांगितलं की परदेशी विद्यापीठांत अर्ज करताना याला किंमत असते. महिन्याला ५०० संपादनं करायला लावा आणि त्याच्या नावाचं एक पानही तिथे असू द्या. म्हणून लॅपटॉप परत दिला. आता तो आकडाही पूर्ण करत नाही आणि स्वतःचं पानही बनवत नाही. सातारा रोडला आमचा पंपांचा २२ वर्षांचा व्यवसाय आहे. त्याचं पान बनव म्हटलं, तर ‘तसं चालत नाही’ म्हणाला. परवा अभ्यासाच्या वेळी मलाच विचारत होता, की पंप नसताना कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी कसं यायचं, उतार किती लागत असेल. मी म्हटलं, आधी सीईटी बघ. असले कोश लिहून कुणाचं पोट भरलंय? विकिपीडियावर योगदान कसं करायचं आणि पान कसं बनवायचं ते सविस्तर सांगा, आणि त्यालाही दोन शब्द समजवा.
– एक पालक, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. विकिपीडियाचं सांगतो, पण आधी लॅपटॉपचं बोलू.

तुम्ही तो काढून घेतलात याबद्दल मी तुम्हाला फार बोल लावणार नाही. बारावीतल्या मुलाने रोज रात्री एकपर्यंत जागू नये, हे मलाही मान्य आहे. माझी हरकत आहे ती लॅपटॉप परत देण्याला. म्हणजे ज्या अटीवर दिलात तिला. तो परत देताना तुम्ही मुलाच्या हातात एक आकडा ठेवलात. दीड वर्ष हा मुलगा कोणी न सांगता, कोणी शाबासकी न देता काहीतरी करत होता. फिजिक्सचा क्लास, मॅथ्सचा क्लास, टेस्ट सीरिज या सगळ्यांत ही एकच गोष्ट त्याची स्वतःची होती. तुम्ही तिचाही क्लास केलात.

हे मी नेहमी बघतो. मूल वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत असतं तोवर घरात कुरकुर चालते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात असं कळलं, की तेच आईवडील रंगपेटी आणून देतात. त्यानंतर मूल चित्रं काढत नाही, परीक्षेचे कागद रंगवतं. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली, की पुढे कुंचल्याला हात लावत नाही. अशी मुलं पंचविशीत माझ्यासमोर येऊन बसतात आणि म्हणतात, ‘सर, मला नेमकं काय आवडतं तेच कळत नाही.’

तुमच्या पत्रात टक्के आहेत, तास आहेत, महिन्याची संपादनं आहेत, धंद्याची वर्षं आहेत. मुलाने हौदांबद्दल काय लिहिलं, ते तुम्ही वाचलं का, याबद्दल मात्र एक ओळ नाही. नसेल वाचलं तर आज रात्री वाचा. उरलेलं माझं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

आता त्या ५०० च्या आकड्याबद्दल. खात्याच्या ‘योगदान’ पानावर संपादनांची यादी कोणालाही दिसते, एवढं तुमच्या सल्लागारांनी बरोबर सांगितलं. पण त्या यादीतल्या प्रत्येक ओळीवर टिचकी मारली की नेमका काय बदल केला तेही दिसतं, हे बहुधा सांगितलं नाही. इथला स्वल्पविराम तिथे, तिथली मोकळी जागा इथे, असं ५०० वेळा करता येतं. अर्ज वाचणाऱ्याने एकदाच टिचकी मारली तर काय दिसेल, याचा विचार करा. आणि समज देऊनही कोणी असले पोकळ बदल करत राहिलं, तर प्रचालक, म्हणजे तिथे देखरेख करणारे सदस्य, ते खातं गोठवू शकतात. त्याचीही नोंद तिथेच राहते, सगळ्यांना वाचता येईल अशी.

पानाबद्दलचा तुमचा समज मात्र मुळापासून काढायला हवा, कारण तो तुमच्या एकट्याचा नाही. पुण्यात तरी तो घरोघरी दिसतो. विकिपीडियावर नाव असणं म्हणजे मानपत्र मिळणं, आणि ओळख किंवा पैसा असेल तर ते मिळवता येतं, असं लोकांना वाटतं. विकिपीडिया हा ज्ञानकोश आहे, टेलिफोन डिरेक्टरी नाही आणि सत्कार समारंभही नाही. एखाद्या व्यक्तीवर पान असायचं तर तिच्याशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या माध्यमांनी किंवा पुस्तकांनी तिची सविस्तर दखल आधीच घेतलेली असावी लागते. याला तिथे उल्लेखनीयता म्हणतात. दहावीचे ९४ टक्के या कसोटीला पुरत नाहीत. तुमचे नाहीत, माझे तर नाहीतच. असं पान कोणी बनवलंच, तर ते काढून टाकण्याचा प्रस्ताव येतो, त्यावर उघड चर्चा होते आणि ‘हा मुलगा दखलपात्र नाही’ असं अनोळखी माणसं लिहून ठेवतात. सतरा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे हे हवंय तुम्हाला? ‘पैसे द्या, पान बनवून देतो’ म्हणणारे एजंटही भेटतील. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते जाहीर करणं २०१४ पासून विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, वापराच्या अटींमध्येच बंधनकारक आहे. हे एजंट ते जाहीर करतात का, एवढं विचारून बघा. आणि समजा पान टिकलंच, तरी ते तुमच्या मालकीचं होत नाही. उद्या कोणीही त्यात पुराव्यासह न आवडणारी गोष्ट लिहू शकतो, आणि ती तुम्हाला काढता येत नाही.

दुकानाच्या पानाचंही तेच, वर आणखी एक अडचण. आपल्याच माणसाबद्दल, आपल्याच धंद्याबद्दल लिहिताना हात तटस्थ राहत नाही. म्हणून हितसंबंध असेल तिथे स्वतः लिहू नये, फार तर चर्चापानावर तो संबंध सांगून सूचना करावी, असा संकेत आहे. तुमच्या मुलाने वडिलांना ‘तसं चालत नाही’ म्हटलं. तुम्हाला तो उद्धटपणा वाटला. घरच्या माणसासाठी नियम वाकवायला नकार देणारा सतरा वर्षांचा मुलगा मला आठवड्यातून एक जरी भेटला, तरी मी हे काम आनंदाने करेन.

माझीही तिथे फजिती झालेली आहे. काही वर्षांपूर्वी मी हौसेने खातं उघडलं आणि माझ्या जुन्या शाळेच्या पानावर दोन परिच्छेद लिहिले. ‘नावाजलेली’, ‘आदर्श’, ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी झटणारी’. चहा घेऊन परत आलो तोवर एकूण एक विशेषण गायब, आणि उरलेल्या तीन वाक्यांपैकी दोहोंपुढे ‘संदर्भ हवा’ असा शिक्का. मला राग आला. मी त्या शाळेत दहा वर्षं बसलो होतो, मला नाही तर कोणाला माहीत? दोन दिवसांनी उतरला राग. मला माहीत असणं हा माझा पुरावा झाला, वाचणाऱ्याचा नाही. तो पडताळून कुठे बघणार?

योगदान कसं करायचं याचं उत्तर खरं तर यातच आलं. खातं उघडायला पाच मिनिटं लागतात. खरं नाव देण्याची सक्ती नाही, आणि तुमच्या मुलाने ते देऊही नये. सदस्यपानावर कॉलेज, पत्ता, फोटो काही नको. नवख्यांना सरावासाठी मराठी विकिपीडियावर ‘धूळपाटी’ असते, अडलं तर विचारायला ‘चावडी’ असते. सुरुवात शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करण्यापासून करावी. इंग्रजी लेख यंत्रात घालून निघालेलं मराठी तसंच चिकटवू नये, आणि कोणाच्या पुस्तकातला मजकूर उतरवूनही घेऊ नये. माहिती घ्यावी, वाक्यं आपली लिहावीत आणि कुठून घेतली ते नोंदवावं. बाकी बटणं कुठे आहेत ते मुलगा दाखवेल. त्याला विचारा. बापाला काहीतरी शिकवायची संधी मुलांना फार क्वचित मिळते.

अवघड भाग बटणांचा नाहीच, संदर्भांचा आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, म्हणजे साधारण तुमच्या दुकानाच्याच वयाचा. त्यात आजही सगळ्यात जास्त चणचण भासते ती चांगल्या संदर्भांची. आणि तुम्ही राहता कुठे, तर पुण्यात! नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं सरकारी गॅझेटियर तर घरबसल्या वाचता येतं, आणि जुन्या शहराच्या पाण्याची हकिगत त्यात आहे. तुमचा मुलगा हौदांवर लिहितो म्हणजे त्याने यातलं काहीतरी उघडलेलं असणार. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तळ्यातलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरात आणलं आणि पेठांमधल्या हौदांत सोडलं. म्हणून कोणत्या पेठेत कोणी पाणी भरायचं हाही पुण्याचा इतिहासच आहे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच शहरात. ‘विषय काय, तर हौद!’ असं तुम्ही उद्गारचिन्ह घालून लिहिलंत. मला तो विषय चांगला वाटतो.

‘कोश लिहून कुणाचं पोट भरलंय?’ हा प्रश्न पुणेकराने विचारावा याची मात्र गंमत वाटली. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. ते श्रीमंत झाले नाहीत, हे कबूल. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. तिथे पगारावर माणसं आहेत, पण पगार पाहून कोणी तिकडे गेलं असेल असं वाटत नाही. तेव्हा विकिपीडिया हे करिअर आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते फुकटचं काम आहे आणि फुकटचंच राहू दे. त्या कामात मुलाला जे जमतं ते मात्र बघा. विधान आणि पुरावा वेगळे ठेवणं, अनोळखी माणसाशी आवाज न चढवता वाद घालणं, स्वतःचं लिहिलेलं कोणी खोडलं तर का खोडलं ते आधी वाचणं. माझ्याकडे येणाऱ्या पदवीधरांतही हे कमी दिसतं.

सीईटी द्यायची आहे, देईल; जेईईचा अर्ज भरला असेल तर तीही द्यावी. सिव्हिल आवडलं तर त्यात जलव्यवस्थापन आहे, वास्तुकलेकडे वळला तर वारसा-जतन आहे, पुरातत्त्व असेल तर पदवीनंतर डेक्कन कॉलेज दारातच आहे. कोडिंगची आवड निघाली तर अठरा पूर्ण झाल्यावर गूगल समर ऑफ कोडसारख्या उपक्रमात विकिपीडियामागच्याच सॉफ्टवेअरवर काम करून मानधनही मिळू शकतं. यातलं काहीही आज ठरवू नका. अकरावीचे ७१ टक्के मला घाबरवत नाहीत. दहावीनंतर सायन्सला आलेल्या निम्म्या पुण्याचा आलेख असाच खाली येतो. जागरणाबद्दल मात्र मुलाशी सरळ बोला. रात्री साडेदहानंतर लॅपटॉप बंद, रविवारी सकाळ त्याची. ५०० चा आकडा मागे घेतला हे त्याच बोलण्यात स्पष्ट सांगा, आणि स्वतःच्या नावाचं पान हा शब्द पुन्हा काढू नका.

त्याला दोन शब्द समजवा म्हणालात. त्याला समजवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही.

तुमच्याकडे मात्र आहे. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. पंप नसताना पाणी एवढं लांब कसं यायचं, उतार किती लागत असेल, हे मुलाने तुम्हाला विचारलं. २२ वर्षं गिऱ्हाइकाला ‘हेड किती?’, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं, असं विचारणाऱ्या माणसाला त्याने हा प्रश्न विचारला, कारण घरात याचं उत्तर ज्याला येतं असा माणूस तुम्हीच आहात हे त्याला ठाऊक आहे. तुम्ही म्हणालात, आधी सीईटी बघ. या रविवारी कागद घ्या आणि त्याला गणित मांडून दाखवा. कात्रज किती उंचावर, वाडा कुठे, मध्ये घर्षणात किती जाईल. मग गाडी काढा आणि त्या नळावरचे उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायला बांधलेले मनोरे, अजून कुठे शिल्लक आहेत ते त्याच्याबरोबर बघून या. फोटो त्याला काढू द्या. ते तो स्वतःच्या खात्यावरून मुक्त परवान्याने, म्हणजे कोणालाही वापरता येतील असे, चढवू शकतो.

एक आधीच सांगून ठेवतो. तुमचं गणित कितीही बरोबर असलं तरी तो ते पानावर घालणार नाही. ‘बाबा, हे कुठे छापलंय?’ असं विचारेल. तेव्हा रागावू नका. त्याच्याबरोबर ग्रंथालयात जा.