चांगला फुटबॉलपटू आणि खरोखर मोठा फुटबॉलपटू यांत नेमका फरक कशाचा असतो?

तुम्ही विचारलंय की चांगल्या आणि खरोखर मोठ्या फुटबॉलपटूत फरक कशाचा. खाली जोडलंय की मुलगा अकरा वर्षांचा आहे, म्हापशाला खेळतो, वेग जबरदस्त आहे, तिघा-चौघांना सहज चकवतो, तर पुढे जाईल का. हे शेवटचं इथे बसून कुणी सांगू शकत नाही, आणि छातीठोकपणे सांगणारा भेटलाच तर त्याला फी देऊ नका. पहिल्याचं मात्र सांगतो, कारण 'स्पीड बघ रे त्याचा' म्हणणाऱ्या मैदानाकडेच्या जाणत्यांशी माझं जुनं वाजलेलं आहे.

फरक चेंडू पायाशी येण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत असतो.

हिशेब करा. 90 मिनिटांच्या सामन्यात थ्रो, फाऊल, कॉर्नर यांत जाणारा वेळ सोडला तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो साधारण 55 ते 60 मिनिटं. 22 जणांत वाटले तर एकाच्या वाट्याला अडीच मिनिटं, आणि त्यातलाही बराच वेळ चेंडू कुणाच्याच पायात नसतो, वाटेत असतो. उरलेल्या वेळात खेळाडू काय करतो, हे बघायला कडेला उभा असलेला एकही बाप तयार नसतो. सगळे चेंडूमागे मान फिरवत बसतात.

एकदा उलटं करून बघा. एक मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याचं डोकं बघा. पास सुटल्यावर चेंडूकडे टक लावून उभा राहतो तो साधा खेळाडू. पास येण्याआधी एकदा मागे बघून घेतो तो चांगला. मोठा खेळाडू सतत बघत असतो, आणि मुख्य म्हणजे योग्य क्षणी बघतो. गेइर योर्देत या नॉर्वेच्या संशोधकाने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांची अशी डोकी मोजली. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघत होते त्यांचे पास जास्त बरोबर जात होते, विशेषतः पुढच्या दिशेने दिलेले. फ्रँक लॅम्पार्ड त्यांत अगदी वर होता. लॅम्पार्ड काही वाऱ्यासारखा पळणारा नव्हता.

आता क्षण कोणता, ते बघा, कारण इथेच बहुतेक कोच चुकीचं शिकवतात. 'मागे बघ, मागे बघ' असं ओरडल्यावर मूल मान फिरवतं, बघत काहीच नाही. बघायची वेळ म्हणजे सोबत्याने चेंडूला टच दिला आणि चेंडू त्याच्या पायापासून थोडा सुटला तो क्षण. त्या अर्ध्या सेकंदात तो पास देऊच शकत नाही, म्हणून नजर काढून घेतली तरी काही बिघडत नाही. तो पाय मागे नेतो तेव्हा नजर चेंडूवर परत हवी. पास सुटला, दिशा आणि वेग कळला, की वाटेत असताना आणखी एक झटकन नजर. शेवटचा मीटर-दीड मीटर पुन्हा चेंडूवर. किक बसते नेमकं त्या क्षणी जो मागे बघतो त्याला चेंडूचा वेग कळत नाही, टच फुटतो, आणि कोच म्हणतो पाय कच्चा आहे. पाय कच्चा नसतो, बघायची वेळ चुकलेली असते.

तेरा वर्षांखालच्या एका निवड चाचणीत मैदानाकडेच्या गर्दीतून मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो, कारण हा सगळा वाद त्यात आहे. गाव सांगत नाही, निवडणाऱ्यांची नावंही नाहीत. लाल मातीचं मैदान, मधोमध गवत, दोन्ही टोकांना खडी वर आलेली. उजव्या विंगला एक उंच पोरगा होता, वरच्या ओठावर मिसरूड फुटलेलं. चेंडू मिळाला की लाइन धरून सुसाट. एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं, तिसऱ्याच्या बाजूने चेंडू ढकलून पुढे, चौथ्याने पाय घातला. एखाद्या वेळी चौथाही सुटला तर क्रॉस गोलच्या मागे. प्रत्येक वेळी टाळ्या. मधल्या फळीत एक काटकुळा पोरगा होता, त्याचा बिब (संघ ओळखायला अंगावर चढवतात ती बंडी) गुडघ्यापर्यंत लोंबत होता. गोलकीपरने राइट बॅककडे चेंडू टाकला. राइट बॅकने पहिला टच घेतला तसं या पोराने उजव्या खांद्यावरून मागे बघितलं. त्याचा मार्कर, म्हणजे त्याच्यावर पहारा ठेवणारा समोरच्या संघाचा खेळाडू, चारेक पावलं मागे होता. पास सुटला, याने पुन्हा एकदा बघितलं. मार्कर उजवीकडून पुढे झेपावून चेंडू कापायला निघाला होता. पोराने उजवा पाय लावलाच नाही. चेंडू अंगासमोरून जाऊ दिला, पलीकडच्या डाव्या पायाच्या आतल्या बाजूने घेतला, आणि मार्कर आपल्याच वेगाने रिकाम्या जागेत निघून गेला. आता याचं तोंड थेट समोरच्या गोलकडे. दुसरा टच म्हणजे डाव्या विंगरला पास, तोही त्याच्या बाहेरच्या, म्हणजे डाव्या पायावर, कारण विंगरचा डिफेंडर आतल्या बाजूला उभा होता. दोन टच, आणि समोरची अख्खी मधली फळी बाद. एकही टाळी नाही.

यादी लागली तेव्हा मिसरूडवाला आत, काटकुळा बाहेर. कारण विचारल्यावर उत्तर आलं, 'अंग नाही.'

अंग! स्पेनच्या झावीची उंची 170 सेंटिमीटर. क्रोएशियाचा लुका मोद्रिच 172, आणि जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी'ओर 2018 मध्ये त्याचा. डेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या क्लबांकडून गोव्यात खेळून गेलेला सुनील छेत्रीही 170 च्या आसपासच. जून 2024 मध्ये तो निवृत्त झाला (पुढे परत आला ते वेगळं) तेव्हा भारतासाठी 94 गोल त्याच्या नावावर होते, आणि त्यांतले कितीतरी डोक्याने. हेडरला उंचीपेक्षा उडी घ्यायची वेळ महत्त्वाची, आणि ती वेळ साधायला क्रॉस सुटायच्या आधी डिफेंडर कुठे बघतोय हे ठाऊक लागतं. म्हणजे पुन्हा तेच, आधी बघणं.

पहिल्या टचबद्दलही थोडं. टच मऊ असणं एवढं चांगल्या खेळाडूला जमतं. घोटा ताठ न ठेवता किंचित सैल सोडायचा, टेकलेल्या पायाचा गुडघा वाकलेला, भार टाचेवर नको, आणि चेंडू लागताना पाय जरासा मागे घ्यायचा. हे कुणालाही शिकवता येतं. मोठ्या खेळाडूच्या पहिल्या टचमध्ये पुढची चाल आधीच ठरलेली असते. 4 जुलै 1998, मार्सेय, नेदरलँड्स विरुद्ध अर्जेंटिना, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, 1-1, सामना संपत आलेला. फ्रँक डी बोअरने आपल्या हाफमधून लांबलचक उंच पास टाकला. डेनिस बर्गकँप उजव्या बाजूने पेनल्टी बॉक्समध्ये पळत आला, किंचित उडाला आणि हवेतच उजव्या पायाने चेंडूचा वेग मारून तो खाली घेतला. नुसता चांगला खेळाडू तो छातीवर घेतो किंवा डोक्याने मागे देतो, आणि तोवर अर्जेंटिनाचा डिफेंडर आयाला अंगावर आलेला असतो. बर्गकँपने चेंडू अशा जागी पाडला की वेगात आलेल्या आयालाला थांबणं शक्य नव्हतं. दुसऱ्या टचने त्याला आतून चकवलं, तिसरा उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने, गोलकीपर रोआच्या पलीकडे. लोक तिसऱ्या टचची रिप्ले बघतात. सामना पहिल्या टचने जिंकला होता.

पासचंही तसंच. चांगला खेळाडू पास सोबत्यापर्यंत पोचवतो. मोठा खेळाडू कुठल्या पायावर द्यायचा ते ठरवतो, आणि त्यातून सोबत्याला निरोप देतो: डिफेंडरपासून लांबच्या पायावर जोरात दिला तर 'मोकळा आहेस, वळ', जवळच्या पायावर हळू दिला तर 'मागे माणूस आहे, मला परत दे'. हे कळणारे दोन खेळाडू एका संघात असले की तोंडाने ओरडावं लागत नाही.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण हवं असेल तर एफसी गोवाचा फेरान कोरोमिनास, आपला कोरो. 2017-18 मध्ये 18 गोल, 2018-19 मध्ये 16, दोन्ही वर्षी आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट, आणि वय 35 च्या आगेमागे. त्या वयात पंचविशीतल्या डिफेंडरला तो शर्यतीत हरवणार होता का? तो दोन पावलं चेंडूकडे यायचा, डिफेंडर सोबत यायचा, आणि डिफेंडरने चेंडूकडे बघण्यासाठी मान वळवली की हा त्याच्या पाठीमागून सटकायचा. पळायला सुरुवात पास देणाऱ्याचं डोकं वर उठल्यावर, आधी नाही. आधी पळालं तर ऑफसाइड. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर लोक त्याचे गोल बघून नाचले. ती दोन खोटी पावलं किती जणांनी बघितली, देव जाणे.

ट्रिक्सबद्दल मी फार लिहीत नाही. डिफेंडरचा भार एका पायावर गेला त्या क्षणी दिशा बदलली तर साधा कटही पुरतो, आणि तो क्षण चुकला तर दहा स्टेपओव्हर करूनही काही होत नाही.

तुमच्या मुलासाठी. अकरा वर्षांच्या मुलाला चार नंबरचा चेंडू द्या, 350 ते 390 ग्रॅमचा. आपल्याकडे सर्रास पाच नंबरचा देतात, तो 410 ते 450 ग्रॅम. तो जड पडतो म्हणून मूल घोटा आवळतं, आणि ती सवय पुढे सुटत नाही. भिंतीपासून पाच मीटरवर उभं करा. उजव्याने मारायचं, डाव्याने घ्यायचं, मग उलट, रोज दहा मिनिटं. आधी गिलावा केलेली भिंत, महिन्याभराने उघडी चिऱ्याची, म्हणजे चेंडू वाकडातिकडा परत येईल. त्यासाठी जुना चेंडू काढा, चिरा कातडं सोलून टाकतो. तुम्ही त्याच्या मागे उभे राहा आणि चेंडू भिंतीवर आदळायच्या आत बोटं वर करा. किती बोटं, हे त्याने चेंडू पायाला लागायच्या आधी ओरडून सांगायचं. सुरुवातीला टच बिघडतील, बिघडू द्या. पावसात मैदानावर चेंडू चिखलात रुततो, तेव्हा चार महिने शाळेच्या हॉलमध्ये फुटसालचा चेंडू, तो कमी उडतो. शिवाय आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात चौघे बाहेर पास देत, दोघे आत चेंडू हिसकवायला, दोन टचची सक्ती. तिघा-चौघांना चकवणाऱ्या पोराला हा खेळ अजिबात आवडत नाही, आणि म्हणूनच त्याला तो खेळायला लावायचा.

आणि त्याला काही महिने विंगवरून काढून मध्ये खेळवायला सांगा. लाइनवर धोका एकाच बाजूने येतो, मध्ये चारही बाजूंनी. तिथे वेग उपयोगी पडेनासा झाला की खरा खेळाडू आहे की नाही ते दिसतं.

हे सगळं खरं असलं तरी वेग अगदीच नसेल तर वरच्या पातळीवर नुसतं बघून भागत नाही, हेही खरं. दुखापती आहेत, नशीब आहे, चांगला कोच वेळेवर भेटणं आहे. गोलकीपरला तर यातलं अर्धंच लागू. त्याचं मोठेपण शॉट बसायच्या आधी पाय रोवून योग्य कोनात उभं राहण्यात, आणि जो फार उड्या मारतो तो बहुतेक वेळा जागेवर उशिरा पोचलेला असतो.

पण 'फुटबॉल गोंयकाराच्या रक्तातच आहे' हे मला सांगू नका. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे 'तो सासष्टीचा (दक्षिण गोव्यातल्या तालुक्याचा) खेळ, आपल्या पोरांनी क्रिकेट खेळावं', हे मी डिचोलीत ऐकलंय, फोंड्यात ऐकलंय. गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले, अर्जुन पुरस्कार मिळाला, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. डेंपोच्या विजेतेपदांच्या काळात त्या संघाच्या बचावफळीत महेश गवळी आणि समीर नाईक होते. रक्त कुठलं शोधताय? रक्ताचं कारण सांगितलं की निवडणाऱ्याला डोळे उघडे ठेवायची गरज उरत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

तुमचा मुलगा चाचणीला गेला आणि यादीत नाव आलं नाही, तर शांतपणे एक काम करा. निवडलेल्या मुलांचे जन्ममहिने विचारा. वयोगटाची तारीख बहुतेक ठिकाणी 1 जानेवारी असते, म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असूनही दोघं एकाच गटात. अकरा-बाराव्या वर्षी तो फरक हाडापेरात दिसतो, आणि निवडणारा त्यालाच गुण समजतो. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी आढळली आहे. यादीत जानेवारी ते मार्चवाले भरलेले दिसले तर समजा की निवड फुटबॉलची झाली नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा.