सिंथेटिक की साधं ऑइल? आधी मॅन्युअल उघडा

पहिलीच गाडी घेतली आणि इंजिनात सिंथेटिक ऑइल (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) टाकावं की साधं, म्हणजे मिनरल (कच्च्या तेलापासून शुद्ध केलेलं), असा प्रश्न पडला, तर गोंधळ होणं साहजिक आहे. पण सिंथेटिक की मिनरल हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ग्रेडचा, म्हणजे ऑइलच्या दाटपणाचा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये (माहितीपुस्तिकेत) ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असेल, सोबत एपीआय (अमेरिकी) किंवा एसीईए (युरोपीय) या संस्थेचा दर्जा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा गरम इंजिनात ते किती दाट राहतं ते. डब्यावर तेच हवं.

टर्बो इंजिन (जास्त ताकदीसाठी हवा दाबून भरणारं) असेल किंवा मॅन्युअल सिंथेटिक मागत असेल, तर तिथे काटकसर नकोच. टर्बोच्या प्रचंड उष्णतेत साधं ऑइल लवकर जळून घट्ट होतं. जुनं, साधं इंजिन असेल आणि मॅन्युअलची हरकत नसेल, तर मिनरल वेळेवर बदलत राहा, खुशाल चालवा.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- सिंथेटिक टाकलं म्हणून बदलण्याची मुदत मनानेच वाढवणं. मॅन्युअलमध्ये दिलेले किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल तेव्हा बदला, फिल्टरसुद्धा.
- जास्त भरणं. सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पुसा, पुन्हा बुडवा. ऑइलची रेघ दोन खुणांच्या मध्ये दिसली की थांबा. जास्त झालं तर फेस होतो आणि वंगण नीट होत नाही.
- काळं दिसलं की घाबरणं. ऑइल मळ धरून ठेवतं, म्हणून काळं होतं.

ॲडिटिव्हच्या (ऑइलमध्ये वरून मिसळायच्या रसायनांच्या) बाटल्यांकडे सध्या बघूही नका.