संमतीपत्रावर सही करू का?

कोरोनामुळे बंद असलेल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रात सुरू झाल्या, गावाकडे पाचवी ते बारावी आणि शहरात आठवी ते बारावी, आणि तेव्हापासून या सदराकडे येणारे जवळजवळ सगळे प्रश्न एकाच विषयावरचे होते, पालकांच्या संमतीपत्रावर सही करून मुलाला शाळेत पाठवायचं की नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग उघडले, २०२१ च्या जानेवारीत पाचवी ते आठवीचे, आणि लगेच दुसऱ्या लाटेने परत कुलूप. मग ऑगस्टमध्ये १७ तारीख जाहीर झाली तर सरकारला कोरोनावर सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या टास्क फोर्सने हरकत घेतली आणि ती पण पुढे गेली. एवढं होऊन गेल्यावर पालकांचा भरवसा डळमळीत असणं साहजिक आहे, त्याला कुणी घाबरटपणा म्हणू नये. मी बालरोगतज्ज्ञ म्हणून मला जे माहितीय आणि जे पटतं ते सरळ सांगते.

प्रश्न : डॉक्टर, मुलगा सहावीत आहे. शाळेने संमतीपत्र पाठवलंय ते तसंच फ्रीजवर पडून आहे, सही करायला हात धजत नाही. घरात सासूबाई आहेत, वय सत्तरच्या पुढे, शुगर आहे, एकच डोस झालाय, त्यानंतर ताप आला म्हणून दुसरा घ्यायला तयार नाहीत. मुलगा झोपतो त्यांच्याच शेजारी. मिस्टर रोज मार्केट यार्डात जातात. मुलाला पाठवलं आणि सासूबाईंना काही झालं तर जन्मभर मनाला लागून राहील. नाही पाठवलं तर तो दिवसभर मोबाईल घेऊन बसतो, कुणाशी धड बोलत नाही. काय करू?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, सही करा. पण आधी सासूबाईंचा दुसरा डोस.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्यांची, मुलाची नाही. तुमच्या घरात विषाणू यायचा तर शाळेच्या दप्तरातूनच येईल असं नाही ना, मिस्टर रोज यार्डात शेकडो माणसांत वावरतात, गणपतीत पाहुणे आले असतील, दिवाळीला परत येतील. म्हणजे शाळा बंद ठेवूनही सासूबाईंचा धोका काही टळत नाही, तो लसीनेच कमी होणार आहे. पहिल्या डोसनंतर ताप येणं हे लस शरीराने ओळखल्याचं लक्षण आहे, एक-दोन दिवसात जातो, पॅरासिटामॉल घेतलं की झालं. कोविशील्ड लस असेल तर दोन डोसमध्ये २०२१ च्या नियमाप्रमाणे ठेवायचे ८४ दिवस कधीच होऊन गेले असतील, उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) घेऊन जा, आशाताईंना सोबत घ्या, त्यांचं म्हातारी माणसं लवकर ऐकतात असा माझा अनुभव आहे. डोसनंतर साधारण दोन आठवडे धरा पूर्ण संरक्षण यायला. तेवढे दिवस नातवाचं अंथरूण दुसऱ्या खोलीत टाका. त्याला वाईट वाटेल, आजीला त्याहून जास्त वाटेल, पण कारण सांगितलं की सहावीतलं पोर समजून घेतं. आणि दुपारी ओसरीवर, अंगणात दोघांनी खुशाल गप्पा माराव्यात, उघड्यावर काही अडचण नाही.

आता मुलाचं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जून-जुलै २०२१ मध्ये देशभर ७० जिल्ह्यांत रक्ततपासणीचा जो चौथा सर्व्हे केला, त्यात तुमचा सांगली जिल्हा पण होता. त्यात ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे शाळा बंद असतानाच देशातल्या निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता, बहुतेकांच्या आईवडलांना कळलं सुद्धा नाही. याचा अर्थ मुलांना कधीच काही होत नाही असा मात्र घेऊ नका. काही थोड्या मुलांना संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी एमआयएस-सी नावाचा त्रास होतो, तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ, पोटात खूप दुखणं, उलट्या. अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, बालरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी न्या, वेळेवर उपचार मिळाले तर मुलं बरी होतात.

आणि मोबाईल घेऊन बसणं, न बोलणं, चिडचिड, हे पण आजारपणच आहे हो. माझ्याकडे सध्या ताप-खोकल्याच्या मुलांइतकीच डोकेदुखी, झोप न लागणं, वजन भलतंच वाढणं असं घेऊन येणारी मुलं आहेत, आणि आईला वाटतं डोळ्याचा नंबर असेल. त्या मुलांना मित्र हवेत, मैदान हवं. ते औषध माझ्याकडे नाही, शाळेकडे आहे.

प्रश्न : मुलगी नववीत. शाळेने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, गेटवर सॅनिटायझर टनेल, रोज संध्याकाळी फॉगिंग, थर्मल गन, सगळीकडे स्टिकर. पण वर्गात एसी आहे आणि रस्त्याचा आवाज येतो म्हणून खिडक्या कायम बंद असतात असं मुलगी सांगते. आम्ही निर्धास्त राहावं का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : नाही, आणि तुमच्या मुलीने बरोबर तेच सांगितलंय जे व्हिडिओत नाहीये.

२०२० मध्ये सुरुवातीला आपण सगळेच भाजी धुण्यात आणि दाराच्या कड्या पुसण्यात लागलो होतो. आता हे स्पष्ट झालंय की हा विषाणू मुख्यतः श्वासातून, बोलण्यातून बाहेर पडणाऱ्या बारीक कणांतून पसरतो आणि ते कण बंद खोलीत बराच वेळ हवेत तरंगत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही एप्रिल २०२१ मध्ये हे त्यांच्या माहितीत मान्य केलं. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी जळाली की हॉलमध्ये बसलेल्यांना पण ठसका लागतो, अंतर ठेवून बसलं तरी लागतो, आणि खिडकी उघडली की दोन मिनिटात निवळतो, अगदी तसंच समजा. म्हणून सहा फुटांवर बाक ठेवले तरी बंद खोलीत तासन्‌तास बसणं धोक्याचंच आहे आणि साधा स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही.

टनेलबद्दल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, फायदा नाही, उलट डोळ्यांना, त्वचेला, श्वासाला त्रास होतो. फॉगिंगवर खर्च होणारे पैसे शाळेने एक्झॉस्ट फॅनला घालावेत. थर्मल गनने ताप कळतो, पण लक्षणं नसलेलं मूल त्यातून आरामात पुढे जातं, त्यामुळे ती असू दे पण तिच्या भरवशावर राहू नका.

मुख्याध्यापकांना भेटा, एकटे नको, चार-पाच पालक मिळून जा आणि भांडायला जातोय असं वाटू देऊ नका, कारण शाळा पण दडपणाखाली आहेत. एवढंच विचारा : वर्गाची दोन्ही बाजूंची दारं-खिडक्या पूर्ण तासभर उघड्या राहतील का, एसी बंद ठेवाल का, शिक्षक, शिपाई, बसचे ड्रायव्हर-मावशी सगळ्यांचे दोन्ही डोस झालेत का, आणि एखादा पॉझिटिव्ह निघाला तर आम्हाला किती वेळात कळवाल. शेवटच्या प्रश्नाला जी शाळा मोकळेपणी उत्तर देते तिच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. शक्य असेल तर एक सीओटू मीटर, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा, घ्यायला सांगा, बाहेर मोकळ्यावर तो साधारण ४०० च्या आसपास दाखवतो, वर्गात हजारच्या वर जायला लागला की समजायचं खोलीत दुसऱ्यांनी सोडलेलाच श्वास फिरतोय.

आणि हो, रिक्षा. वर्गात वीस मुलं आणि रिक्षात कोंबून आठ, असं बऱ्याच ठिकाणी मी स्वतः बघतेय. रिक्षावाल्या काकांना बाजूचे प्लास्टिकचे पडदे वर गुंडाळून ठेवायला सांगा, मास्क सगळ्यांनाच, आणि शाळा जवळ असेल तर मुलींनी सायकल काढावी, यापेक्षा चांगली वेळ नाही.

प्रश्न : मुलाला बाळदमा आहे, इनहेलर चालू आहे. सगळे म्हणतात तिसरी लाट लहान मुलांवर येणार. त्याला लस मिळेपर्यंत घरीच ठेवू का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : तिसरी लाट फक्त मुलांवरच येणार याला काही शास्त्रीय आधार नाही, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मे २०२१ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. २०२१ मध्ये मोठ्यांना लस मिळत होती आणि मुलांना नाही, त्यामुळे येणाऱ्या पेशंटमध्ये मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसू शकत होतं, पण म्हणून मुलांमधला आजार जास्त गंभीर झाला असं होत नाही.

दमा ताब्यात असेल, म्हणजे रात्री खोकून उठत नाही, खेळताना धाप लागत नाही, तर नुसत्या दम्यासाठी घरी ठेवायची गरज नाही. रोजचा प्रिव्हेंटर पंप मात्र एक दिवसही चुकवू नका. मला सगळ्यात जास्त राग येतो तो शेजारपाजारच्या सल्ल्याने पंप बंद करणाऱ्यांचा, "सवय लागते" म्हणे, आणि मग तेच मूल रात्री दोन वाजता निळं पडून येतं. धाप लागल्यावर घ्यायचा आरामाचा पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची नळी) दप्तरात ठेवा, वर्गशिक्षकांना तो वापरायचा कसा ते दाखवून या. शाळेत नेब्युलायझर वापरायला देऊ नका, त्याच्या वाफेतून विषाणू पसरायची भीती असते. मास्क घातल्याने ऑक्सिजन कमी होत नाही, पण घामाने ओला झालेला मास्क गुदमरवतो, म्हणून दोन जादा द्या. फवारणी केलेल्या वर्गात लगेच बसवू नका, त्या वासानेच दमा उसळतो.

लसीची वाट बघत थांबायचं म्हणाल तर मुलांचं लसीकरण ऑक्टोबर २०२१ पर्यंत सुरू झालेलं नव्हतं, आणि दीड वर्ष आधीच गेलं होतं. घरातल्या मोठ्यांनी आपले डोस पुरे करणं हेच तेव्हा त्याच्याभोवतीचं कुंपण होतं. ज्यांची मुलं कॅन्सरची औषधं घेतायत, किडनीचा आजार आहे, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवू नये. २०२१ मध्ये हजेरीची सक्ती नव्हती, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथीच्या गोळ्या शाळेतून वाटणार आहेत, द्याव्यात का? काढा रोज दिला तर चालेल का?

उत्तर : या गोळ्यांमुळे कोरोना टळतो याचा काही पुरावा नाही. गोळी घेतलीय म्हणून मास्क नको असं कुणी म्हणणार असेल तर त्यापेक्षा न दिलेली बरी. काढा कधीमधी, पातळ. रोज मिरी-दालचिनी-सुंठीचा जहाल काढा पिऊन पोटाची आग होणारी मुलं माझ्याकडे आलीत.

प्रश्न : मी झेडपी शाळेत शिक्षक आहे. पाचवी ते सातवी मिळून पट मोठा, खोल्या दोन, त्यातल्या एकीत सप्टेंबरच्या शेवटच्या अतिवृष्टीत पाणी शिरलं. मुलं आली पण सातवीतल्या पोरांना जोडाक्षरं वाचता येईनात, वाईट वाटतं. दुसरी काळजी म्हणजे निम्मी मुलं शिंकत-खोकत येतात. किती जणांना घरी पाठवू? आणि दिवाळीआधीच बरेच आईबाप कोयता घेऊन कारखान्याला निघतील, मुलं सोबत जातील, परत येतील तेव्हा कुठून काय घेऊन येतील ही भीती गावाला आहे.
— एक गुरुजी, बीड जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जोडाक्षरांचं तुमच्या एकट्याच्या शाळेचं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांमधून जी पाहणी झाली, त्यात खेड्यातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुलं अजिबातच शिकत नव्हती. मुलांना शाळेत आणायलाच हवं असं मी जे एवढं आग्रहाने म्हणते त्यामागे हेच आहे, विषाणूने जे नेलं ते दिसलं, हे नुकसान दिसत नाही.

खोलीचं तुमच्याकडे खरं तर नाशिकच्या एसीवाल्या शाळेपेक्षा सोपं आहे. पाऊस उघडला की परिपाठ, पाढे, वाचन, कविता सगळं बाहेर घ्या, झाडाखाली, देवळाच्या सभामंडपात, जिथे सावली आहे तिथे. मोठ्याने म्हणायचं, गायचं ते तर बाहेरच, कारण मोठ्या आवाजात जास्त कण बाहेर पडतात. लिहायचं काम आत, अर्धी मुलं एका वेळी. एक दिवसाआड बोलावलं तरी चालेल.

सर्दी-खोकल्याचं असं करा. नुसतं नाक वाहतंय, मूल खेळतंय, जेवतंय, तर मास्क लावून दाराजवळ बसवा. ताप आहे, मलूल आहे, घसा दुखतोय, जुलाब आहेत, किंवा घरात कुणी पॉझिटिव्ह आहे, तर घरी. आरोग्यसेविकेला कळवून अँटिजेन टेस्ट करून घ्या आणि ती निगेटिव्ह आली तरी ताप असेपर्यंत शाळेत नको. ऑक्टोबरचे दिवस आहेत, पाणी साचलंय, डेंग्यू-मलेरिया पण जोरात आहेत, म्हणून प्रत्येक ताप कोरोना समजून लपवला जाईल असं वातावरण होऊ देऊ नका. एखाद्या घराला गावाने वाळीत टाकल्यासारखं केलं की पुढचे दहा आईबाप आजारी मुलाचा ताप लपवून त्याला शाळेत पाठवतात, हे मी बघितलंय. मूल पॉझिटिव्ह निघालं तर २०२१ च्या नियमाप्रमाणे लक्षणांपासून किमान १० दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला पाहिजे, मग खुशाल परत, पुन्हा टेस्ट लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं जास्त निकडीचं आहे, कारण २०२१ चं गाळप १५ ऑक्टोबरपासून सुरू होणार होतं. टोळी गाडीत बसायच्या आधी आईबापांचे डोस करून घ्या, मुकादमाशी बोला, ग्रामपंचायतीला सांगून पीएचसीचं पथक वस्तीवर बोलवा, कारण एकदा फडावर गेल्यावर त्यांना कोण विचारतंय. पहिला डोस इथे झाला तर मोबाईल नंबर आणि आधार जपून ठेवायला सांगा म्हणजे दुसरा कारखान्याच्या गावात घेता येईल. जी मुलं आजी-आजोबांकडे राहू शकतात त्यांच्यासाठी यंदा हंगामी वसतिगृह मंजूर होईल का याचा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आत्ताच पाठपुरावा करा, आणि त्या आजी-आजोबांचे दोन्ही डोस आधी. जी जाणारच आहेत त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं शिक्षण हमी कार्ड हातात द्या, तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून ठेवा. आणि मार्च-एप्रिलमध्ये परत आली की टेस्टचा कागद आणा म्हणून दारात अडवू नका, ताप नसेल तर त्याच दिवशी वर्गात घ्या.