बोटं लहान नाहीत, पलंग चुकीचा आहे

गिटार शिकायला घेतली की दोन-तीन महिन्यांत मनगट दुखायला लागतं, खांदा भरून येतो आणि एफ कॉर्डपाशी, म्हणजे अनेक तारा एकदम दाबून वाजवायच्या एका सूरसमूहापाशी, गाडी अडते. मग माणूस विचारतो, ‘माझा हातच लहान आहे का? की आता वय झालं?’ माझं काम फिजिओथेरपीचं, पण वाद्य वाजवणारं कुणी आलं की व्यायाम राहतात बाजूला आणि आधी या प्रश्नावर बोलावं लागतं. कारण बहुतेकांनी त्याचं उत्तर घरूनच ठरवून आणलेलं असतं.

डोंबिवलीच्या एक ताई अशाच आल्या. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. पन्नाशी ओलांडलेली, उंची जेमतेम पाच फूट, शाळेतल्या नोकरीतून मोकळ्या झालेल्या. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि त्याची गिटार कपाटावर राहिली. ती खाली उतरवून ताई मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून शिकत होत्या. डावं मनगट दुखत होतं, उजव्या खांद्यात कळ येत होती, रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या.

पण दुखण्याआधी त्यांनी सांगितलं ते वेगळंच. “मुलाला फोनवर म्हटलं हात दुखतो, तर म्हणाला, आई, तू आपली युकुलेले घे. तुझ्या हाताला तेच बरं.” युकुलेले म्हणजे गिटारसारखंच, पण चार तारांचं छोटं वाद्य. आणि थोडं थांबून, “मला ते लागलं हो मॅडम. सगळी बायकांची खेळणीच द्यायची का मला?”

मी त्यांना गिटार पिशवीतून काढायला सांगितली. “घरी बसता अगदी तशाच बसा.” समोर खुर्ची होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ तपासणीच्या कॉटवर चढून मांडी घातली. घरी पलंगावर बसून वाजवतात, हे विचारावं लागलं नाही.

मांडी घातल्यावर गिटार पायांच्या खळग्यात उतरली. बोटं कुठे पडतायत ते दिसावं म्हणून त्यांनी मान पुढे काढली, तरी दिसेना म्हणून गिटारच मागे कलंडवली, इतकी की तिचं तोंड पंख्याकडे झालं. आता नेक, म्हणजे गिटारची दांडी, तिरकी, आणि डाव्या हाताला तिच्याखालून वळसा घालून तारांपर्यंत यायचं. मनगट जवळजवळ काटकोनात मुडपलं होतं. माझं मनगट तसं मुडपून मी त्यांना म्हटलं, “आता मला मूठ घट्ट आवळता येते का बघा.” येत नाही, कुणालाच येत नाही. मनगट एवढं वाकलं की बोटं मिटवणाऱ्या स्नायूंना जोर लावायला जागाच उरत नाही. शिवाय मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस दाबली जाते, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांच्या मुंग्या तिथूनच येतात.

“म्हणजे बोटं लहान नाहीत?” “पोचतायत की. वाकड्या वाटेने पोचतायत.”

एक शंका त्यांनी काढली, आणि ती रास्त होती. आपल्याकडे सगळे मांडी घालूनच तर वाजवतात! वाजवतात, पण ती वाद्यं त्या बैठकीसाठी बसवलेली आहेत. सतारीचा भोपळा डाव्या पायाच्या तळव्यावर टेकतो आणि दांडी तिरकी वर जाते. पंडित ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट्ट यांनी गिटारवर राग वाजवले ते ती मांडीवर आडवी ठेवून. डाव्या हातातली कांडी वरून तारांवर फिरते, नेकखालून हात घालायचा प्रश्नच येत नाही. कॉर्ड धरायच्या तर खुर्ची हवी.

खुर्ची बिनहातांची. मांड्या जमिनीला समांतर आणि पावलं पूर्ण टेकलेली. ताईंची पावलं टेकेनात, म्हणून घरी जेवायच्या खुर्चीपुढे पाट ठेवायला सांगितलं. क्लासिकल गिटारवाले डाव्या पायाखाली छोटं स्टूल घेतात. फ्रान्सिस्को तारेगा (1852–1909) या स्पॅनिश वादकामुळे ती बैठक रुळली. नेक वर येते, हात मोकळा होतो, हे खरं. पण एकच पाय तासभर वर ठेवला की कंबर एका बाजूला कलते, आणि ज्यांची कंबर आधीच बोलते त्यांना मी ते सुचवत नाही. त्यापेक्षा पट्टा लावा. पट्टा उभं राहणाऱ्यांसाठीच असतो हा समज का आहे कोण जाणे. बसूनही लावला की गिटार जागेवर राहते, डाव्या हाताला नेक उचलून धरावी लागत नाही. नेकचं टोक खांद्याच्या उंचीपर्यंत यावं आणि छातीपासून थोडं पुढे असावं.

ताईंना सगळ्यात जड गेलं ते गिटार मागे न कलंडवता उभी धरणं. “मग मला दिसणार कसं?” नेकच्या वरच्या कडेवर, वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, बारीक ठिपके असतात: तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या फ्रेटला (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमधल्या घराला) एकेक, बाराव्याला दोन. ते ठिपके आपल्यासाठीच आहेत. इतके महिने गिटार हाताळूनही त्यांना ते दिसले नव्हते. चष्मा काढून, बोट फिरवून त्यांनी ते मोजले.

मनगटासाठी एकच करून घेतलं. हात बाजूला सैल सोडायचा आणि मनगटात काही न बदलता फक्त कोपरातून वर उचलून नेकखाली आणायचा. अंगठा मागे, साधारण मधल्या बोटासमोर, टेकलेला, आवळलेला नाही. अंगठा क्षणभर उचलून बघायचा. कॉर्ड पूर्ण मुकी झाली, तर सगळा जोर चिमटीतून येत होता. थोडा भार हाताच्या वजनानेही येतो, हे मग आपोआप कळतं.

राहिला खांदा. मुलाची गिटार ड्रेडनॉट आकाराची होती. हा आकार मार्टिन कंपनीने 1916 मध्ये पहिल्यांदा बनवला, आवाज मोठा यावा म्हणून, आणि नाव दिलं ब्रिटिश युद्धनौकेचं. बॉडीचा रुंद भाग 40 सेंटिमीटरच्या आसपास, जाडी 12. पाच फुटांच्या बाईने त्यावरून उजवा हात टाकला की खांदा वर चढणारच. नेक वर आणि बॉडी जरा उजवीकडे घेतल्यावर खांदा बराच उतरला, पूर्ण नाही. गिटार लहान होत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

शिवाय तारा नेकपासून फार वर होत्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, फुगतं, आणि तारा दाबायला आणखी जोर लागतो. दुरुस्तीवाल्याकडून सेटअप करून, म्हणजे तारांची उंची नीट बसवून घ्या आणि हलक्या तारा बसवा, असं सांगितलं. आणि तिसऱ्या फ्रेटला कापो लावा, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. पहिला फ्रेट साधारण 36 मिलिमीटर रुंद असतो, कापोनंतरचा 30 च्या आसपास. बोटांना कमी फाकावं लागतं आणि हात अंगाजवळ येतो. “ही फसवणूक नाही ना?” शिक्षिकाच त्या. म्हटलं, व्यावसायिक वादकही लावतात, तुमचे गुण कापणार कोण?

रात्रीच्या मुंग्यांना मात्र मी बैठकीवर सोडलं नाही. बोटांची टोकं चुरचुरणं पहिले काही आठवडे चालायचंच, कातडी घट्ट झाली की थांबतं. पण मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपमोड, हातातून वस्तू सुटणं, यातलं काही असेल तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. या वयात थायरॉइड आणि साखरही तपासावी लागते, कारण ती नस दबण्याशी या दोन्हींचा संबंध असतो. ताईंच्या तपासण्या ठीक निघाल्या. रात्री मनगटाला पट्टी, आणि सराव एका वेळी पंधरा मिनिटं, मध्ये उठून फिरायचं. दुखत असताना रेटून वाजवणं म्हणजे मेहनत, ही समजूत त्यांच्या मनातून काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. वर्गात आयुष्यभर त्यांनी मुलांना तेच शिकवलं होतं.

पुढच्या महिन्यांत मुंग्या गेल्या, मनगट निवळलं. एफ अजून अर्धीच वाजते, बारीक चार तारांची. ती चालते. खांदा मात्र अधूनमधून कुरकुरायचा, तेव्हा मीच त्यांना लहान बॉडीची गिटार बघायला सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. युकुलेलेच्या वाटेवरचं पहिलं पाऊल वाटलं असावं. म्हटलं, चपला मुलाच्या मापाच्या घालता का? तशी ही त्याच्या मापाची. ती राहू द्या, तो आला की त्याला वाजवायला लागेलच.

दुकानात ताई मुलाला सोबत घेऊन गेल्या. विक्रेत्याने उभं राहून झकास वाजवून दाखवलं आणि त्याचाच पसंतीचा मोठा नग पुढे केला. ताईंनी आधी खुर्ची मागितली, बिनहातांची. मग पायाखाली ठेवायला काहीतरी मागितलं. मुलगा ओशाळला म्हणे. पाच गिटारी मांडीवर घेऊन, डोळे मिटून, खांदा कुठे जातो ते बघून त्यांनी सहावी घेतली.